दस्तऐवजाची ओळखखूण : मोर्तबापासून संगणकीय चिन्हापर्यंत
(जालना जिल्ह्याच्या दप्तराच्या अनुषंगाने एक विचार)

इतिहाससंशोधकाच्या हाती एखादा कागद आला म्हणजे त्यातील मजकूर वाचावयास घेण्यापूर्वी त्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, हा कागद कोणत्या जातीचा? सनद की कौलनामा, महजर की ताळेबंद, अस्सल की नक्कल? या प्रश्नाचे उत्तर बहुधा मजकुरातून मिळत नाही. ते कागदावरील शिक्क्यांवरून, पाठीवरील शेऱ्यांवरून आणि तो ज्या रुमालात बांधलेला सापडला त्या रुमालावरून मिळते. साधनचिकित्सेच्या पाठात ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना आरंभीच सांगतो.

आज दप्तराचा फार मोठा भाग संगणकात गेला आहे. तेथे कागदाची जात सांगण्याचे काम एक लहानसे चित्र करते. त्यास आयकॉन, म्हणजे चिन्ह म्हणतात. हे चित्र कोठून येते, ते कोण लावतो, आणि त्याच्या साक्षीवर कितपत विसंबावे, हे प्रश्न यंत्रज्ञांचे आहेत असे समजून बाजूस सारण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः ते दप्तरविद्येचेच प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, विंडोज प्रणालीतील दस्तऐवजाची ओळख दस्तऐवजाच्या अंगी नसते, ती एका बारनिशीत असते. आणि ती नोंद करणारा कारकून म्हणजे इन्स्टॉलर, अर्थात संगणकावर नवा कार्यक्रम बसवून देणारा कार्यक्रम, होय. ही व्यवस्था कशी घडली हे न जाणता संगणकीय दप्तर वाचणारा अभ्यासक मोर्तब न पाहता सनद वाचणाऱ्याइतकाच फसण्याचा संभव आहे.

१. जुन्या दप्तरातील दोन प्रकारच्या खुणा

मराठेशाहीतील राजपत्राच्या शिरोभागी मुद्रा असे व समाप्तीस मोर्तब असे. मुद्रेने पत्र कोणाच्या अधिकारात निघाले ते कळे. मोर्तबाने मजकूर येथे संपला, यापुढील अक्षर ग्राह्य नाही, असा निर्वाळा मिळे. कागद लांब असून अनेक बंद एकास एक चिकटविलेले असल्यास सांध्यावर लहान शिक्का उमटवीत, म्हणजे मधलाच एखादा बंद बदलता येऊ नये. या साऱ्या खुणा कागदाच्या अंगच्या आहेत. कागद पुण्याहून जालन्यास गेला काय किंवा जालन्याहून हैदराबादेस गेला काय, त्या त्याच्याबरोबर जातात.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा नोंदीच्या आहेत. पत्र नोंदवहीत चढले म्हणजे त्यावर ‘बार’ असा शेरा पडे. बारनिशी हा शब्द मराठी कचेऱ्यांत आजही जिवंत आहे; आवक-जावक बारनिशी ठाऊक नाही असा लिपिक विरळा. शेरा कागदावर असतो हे खरे, परंतु त्याचा अर्थ वहीत असतो. वही गहाळ झाली की शेरा मुका होतो. अंगभूत खूण आणि नोंदीतील खूण यांतील हा भेद पुढील विवेचनाचा पाया असल्यामुळे तो येथे ठळकपणे मांडला आहे.

२. जालन्याचे उदाहरण

नोंदीवर अवलंबून असलेली ओळख किती चंचल असते याचा दाखला जालना जिल्ह्याच्या घडणीतच मिळतो. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी केली. राज्याच्या वरच्या कारभारात प्रथम फारसी व १८८० च्या दशकापासून उर्दू चालली. गावपातळीवरचे हिशेब मात्र पुष्कळ ठिकाणी मराठीत व मोडी वळणाने लिहिले जात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपुष्टात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्र राज्याचा भाग आहे. पुढे १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून जालना जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्यात आज आठ तालुके आहेत. ज्या औरंगाबादेतून त्याचा मोठा भाग वेगळा झाला, तिचे नावही २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले.

या क्रमात गावे हलली नाहीत, शेते हलली नाहीत आणि जुन्या कागदांवरील शाईही बदलली नाही. बदलली ती नोंद. परतूरच्या १९७० सालच्या कागदावर परभणी जिल्ह्याचे नाव आहे. तो आज कोणत्या कचेरीच्या अखत्यारीत येतो हे त्या नावावरून कळत नाही. जिल्हानिर्मितीचा क्रम ज्यास ठाऊक आहे त्यासच ते कळते. कागदाचे अक्षर एक, आणि त्याचा धनी ठरविणारी वही दुसरी, अशी ही स्थिती आहे. संगणकाने नेमकी हीच स्थिती सार्वत्रिक केली. ती कशी, ते आता पाहू.

३. नावाचे शेपूट आणि त्याची नोंद

संगणकातील फाइल म्हणजे अंकांची एक मालिका. ती पत्र आहे, चित्र आहे की जमाखर्च आहे, हे ओळखण्याचे तीन मार्ग इतिहासात दिसतात.

पहिला मार्ग अंगभूत खुणेचा. पीडीएफ या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वरूपाची फाइल उघडून पाहिल्यास तिच्या आरंभीच टक्केचिन्ह व त्यापुढे पी, डी, एफ ही तीन अक्षरे आढळतात. ही तिची मुद्रा. युनिक्स परंपरेत अशा आरंभीच्या खुणा वाचून फाइलची जात सांगणारी आज्ञा पूर्वीपासून आहे.

दुसरा मार्ग ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाचा. जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्रात प्रत्येक फाइलबरोबर चार-चार अक्षरांचे दोन संकेत ठेवलेले असत. एक फाइलच्या जातीचा, दुसरा तिच्या निर्मात्या कार्यक्रमाचा. कागद कोणत्या प्रकारचा आणि तो कोणत्या कचेरीतून निघाला, या दोन प्रश्नांची उत्तरे येथे निरनिराळी दिलेली होती. कार्यक्रमाच्या पोटातच त्याच्या दस्तऐवजांची चित्रे असत व यंत्र ती आपल्या यादीत आपण होऊन उतरवून घेई. त्यामुळे कार्यक्रम तबकडीवर नुसता उतरविला तरी चिन्हे दिसू लागत. नोंद करणाऱ्या स्वतंत्र कारकुनाची गरज फारशी पडत नसे.

तिसरा मार्ग नावाच्या शेपटाचा. सीपी/एम या १९७० च्या दशकातील प्रणालीत फाइलच्या नावास आठ अक्षरे आणि टिंबानंतर जास्तीत जास्त तीन अक्षरे असा नियम होता. १९८१ च्या एमएस-डॉस प्रणालीने तो उचलला. टिंबानंतरच्या या अक्षरांस एक्स्टेन्शन म्हणतात. ती कोणीही कशीही लिहू शकतो, आणि त्यांवर कोणाचीही मालकी नाही. डॉक हे शेपूट आज वर्ड कार्यक्रमाचे मानले जाते. परंतु त्यापूर्वी इतर कार्यक्रमांचे दस्तऐवज आणि साधी माहितीपत्रकेही त्याच शेपटाने ओळखली जात.

विंडोजने हा तिसरा मार्ग पत्करला. आरंभीच्या आवृत्त्यांत विन डॉट आयएनआय नावाच्या साध्या फाइलीत कोणते शेपूट कोणत्या कार्यक्रमाचे याची यादी असे. एप्रिल १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ मध्ये या नोंदीसाठी स्वतंत्र भांडार निर्माण झाले. तरीही त्या काळच्या फाइल मॅनेजरमध्ये दस्तऐवजांची चित्रे मोजकीच होती : ज्याचा कार्यक्रम ठाऊक आहे त्यास रेघा असलेले पान, ज्याचा ठाऊक नाही त्यास कोरे पान. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ प्रसिद्ध झाले आणि रजिस्ट्री ही मध्यवर्ती बारनिशी कारभाराच्या केंद्रस्थानी आली. प्रत्येक जातीच्या दस्तऐवजास स्वतःचे चित्र मिळण्याची सर्वत्र रूढ झालेली पद्धत तेव्हापासूनची.

४. इन्स्टॉलर : बारनिशीचा कारकून

या बारनिशीतील नोंदीची रीत दप्तराच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही. एचकी क्लासेस रूट नावाच्या शाखेत प्रथम शेपटाची नोंद असते. तीत चित्र नसते. केवळ एक दुसरे नाव असते. त्यास प्रोगआयडी म्हणतात व ते दस्तऐवजाच्या जातीचे नाव होय. मग त्या नावाची स्वतंत्र नोंद शोधावयाची. तिच्या पोटात डिफॉल्ट आयकॉन असे एक कलम असते, आणि त्यात चित्र ज्या फाइलीत आहे तिचा पत्ता व स्वल्पविरामानंतर एक क्रमांक असतो. एका फाइलीत अनेक चित्रे असू शकतात व मोजणी शून्यापासून होते. क्रमांक ऋण असेल तर तो मोजणीचा न समजता त्या चित्राचा नेमून दिलेला अंक समजावा, असा संकेत आहे. म्हणजे शेपटावरून जात, जातीवरून पत्ता आणि पत्त्यावरून चित्र, अशा तीन पायऱ्या उतराव्या तेव्हा पडद्यावर खूण दिसते. एकही पायरी निखळली की कोरे पान.

या तीन नोंदी लिहिण्याचे काम इन्स्टॉलरकडे आले. १९९७ साली जॉर्डन रसेल यांनी प्रसिद्ध केलेल्या इनो सेटअपसारख्या साधनांत इन्स्टॉलर रचणारा या ओळी स्वतः लिहितो, आणि शेवटी ‘नोंदी बदलल्या आहेत’ अशी वर्दी प्रणालीस दिली जावी अशी आज्ञाही ठेवतो. ही वर्दी दिली नाही तर नोंद बरोबर असूनही पडद्यावर जुनेच चित्र दिसत राहते; कारण प्रणाली एकदा काढलेली चित्रे जपून ठेवते व तीच पुनःपुन्हा दाखविते.

१९९९ साली ऑफिस २००० बरोबर आलेल्या विंडोज इन्स्टॉलर व्यवस्थेने याहून वेगळी पद्धत घातली. तीत ओळी लिहावयाच्या नसून कोष्टके भरावयाची असतात : शेपटांचे एक, जातींचे एक, चित्रांचे एक, आणि ‘उघडा’, ‘छापा’ अशा क्रियांचे एक. प्रणाली कोष्टके वाचून नोंदी स्वतः करते. २००४ मध्ये रॉब मेन्शिंग यांनी सर्वांसाठी खुले केलेले विक्स हे साधन अशीच कोष्टके तयार करून देते. या पद्धतीत एक चमत्कारिक सोय आहे. कार्यक्रम प्रत्यक्ष बसविण्यापूर्वीच त्याची केवळ द्वाही फिरविता येते; दस्तऐवजावर त्याचे चिन्ह दिसू लागते, आणि कोणी तो प्रथम उघडावयास गेला म्हणजे मग कार्यक्रम बसतो. अशा प्रसंगी चित्राची प्रत विंडोजच्या स्वतःच्या कोठारात ठेवावी लागते, कारण ज्या कार्यक्रमाच्या पोटातून ते काढावयाचे तो अद्याप आलेलाच नसतो. इन्स्टॉलर रचताना चित्र कार्यक्रमाच्या फाइलीतून घ्यावयाचे की चित्रांच्या कोष्टकातून, याचा घोटाळा होतो तो या दोन वाटांचा भेद ध्यानी न घेतल्यामुळे. कचेरी उभी राहण्यापूर्वी तिच्या शिक्क्याचा ठसा कोठारात असावा लागतो, ही त्यामागील साधी उपपत्ती होय.

आता मालकीचा प्रश्न. एकाच शेपटावर दोन कार्यक्रमांनी हक्क सांगितला तर नंतर बसविलेल्याची नोंद पहिल्याच्या नोंदीवर चढे. नंतरचा काढून टाकताना पहिल्याची नोंद पूर्ववत झाली नाही, तर दस्तऐवज निर्नायकी होत. म्हणून कार्यक्रम काढताना आपल्या जातीची नोंद पुसावी, शेपटाच्या नोंदीस सरसकट हात लावू नये, असा शिरस्ता पडला. मध्यंतरी ते शेपूट दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकते. वापरणाऱ्याची निवडही स्वतंत्रपणे नोंदविली जाऊ लागली, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून त्या निवडीवर एक गणिती मुद्रा उमटविली जाते. परक्या कार्यक्रमाने ती परस्पर बदलल्यास मुद्रा जुळत नाही व नोंद रद्द ठरते. सांध्यावरील शिक्क्याची ही नवी आवृत्ती म्हटली तरी चालेल. परिणामी इन्स्टॉलरचा अधिकार आता उमेदवारी नोंदविण्यापुरता उरला आहे.

५. मराठी दस्तऐवजांचा विशेष प्रश्न

वरील विवेचन कोणत्याही भाषेच्या दस्तऐवजास लागू आहे. मराठीच्या बाबतीत त्यात एक गंभीर भर पडते. युनिकोड ही जागतिक संकेतप्रणाली १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा भारतीय मानकही त्याच वर्षीचा. तथापि विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड व्यवस्था विंडोज २००० पासून आली. तत्पूर्वी व त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा साधनांनी टंकलिखित होत असे. या पद्धतींच्या टंकांत देवनागरी अक्षरांचे अवयव बहुधा रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत, आणि निरनिराळ्या उत्पादकांची ही मांडणी निरनिराळी होती.

याचा दप्तरविद्येच्या दृष्टीने अर्थ असा. अशा मजकुराची फाइल डॉक या शेपटाने साठविली तर तिच्यावर वर्डचे चिन्ह येते, वर्ड ती उघडतो, आणि तरीही वाचकापुढे येतो तो रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग, कारण मूळ टंक त्या यंत्रावर नसतो. शोध घ्यावा तर मराठी शब्द सापडत नाही. चिन्ह खोटे नाही. ते जेवढे सांगते तेवढे खरे आहे. मात्र मराठी कागदाची खरी जात ज्या गोष्टीवर ठरत होती, ती टंकाची मांडणी, त्या चिन्हाच्या कक्षेत कधी आलीच नाही. मोडी कागदावर बालबोध शिक्का पाहून आतील मजकूरही बालबोध असेल असे मानावे, तसा हा प्रकार आहे. १९९० ते २०१० या काळातील मराठी संस्थांचे अहवाल, संमेलनांची इतिवृत्ते, प्रबंधांच्या मूळ प्रती यांतील पुष्कळ सामग्री या अवस्थेत असण्याचा संभव ध्यानात घेता, संशोधकाने टंकाचे नाव हे साधनाचे अविभाज्य अंग मानले पाहिजे.

६. एका नोंदीचे मोल

हा विचार केवळ तात्त्विक नाही, याची साक्ष जालना जिल्ह्यानेच दिली आहे. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातील जुन्या दप्तरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती शासनाने नेमली. समितीने सुमारे १ कोटी ७३ लक्ष नोंदी तपासल्या व त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्या, असे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शासनाने जाहीर केले. उर्दू व मोडीतील कागदांचे भाषांतर करून ते संगणकीय रूपात सर्वांस उपलब्ध करावे, असेही त्या वेळी ठरले. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधाराविषयीचा शासननिर्णय निघाला. या मागणीच्या गुणावगुणांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, जन्ममृत्यूची नोंदवही यांतील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाच्या जातप्रमाणपत्राचा निर्णय अवलंबून राहू लागला.

अशा कागदाची प्रतिमा बहुधा पीडीएफ वा जेपेग स्वरूपात साठविली जाते. खासरा पत्रक आणि जन्ममृत्यूची नोंदवही यांचे पुराव्याच्या दृष्टीने मोल भिन्न. एकाची लिपी उर्दू, दुसऱ्याची मोडी. तथापि पडद्यावर दोहोंचे चिन्ह एकच. इतकेच नव्हे, तर तीच फाइल जालन्यातील एका यंत्रावर ॲडोबीच्या चिन्हाने दिसेल व मुंबईतील दुसऱ्या यंत्रावर एखाद्या ब्राउझरच्या चिन्हाने; कारण चिन्ह फाइलीबरोबर प्रवास करीत नाही, ते पाहणाऱ्याच्या बारनिशीतून येते. मुद्रा कागदाबरोबर जात असे. हे चिन्ह वाचकाच्या घरी राहते. आरंभी केलेल्या प्रतिपादनास याहून स्पष्ट प्रमाण नको.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. संगणकीय प्रतिमेबरोबर मूळ कागदाची जात, लिपी, गाव, त्या काळचा तालुका व जिल्हा, आणि आजचा तालुका व जिल्हा यांची यादी वेगळी ठेवली पाहिजे, व ती साध्या युनिकोड मजकुरात असावी, म्हणजे तिला कोणत्याही एका कार्यक्रमाच्या चिन्हाची मिजास सांभाळावी लागणार नाही. दीर्घकाळ टिकवावयाच्या प्रतींसाठी पीडीएफ/ए हे २००५ सालापासूनचे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. त्यात टंकाचा अंतर्भाव दस्तऐवजातच करावा लागतो, म्हणजे नोंदीतील खूण पुन्हा अंगभूत होते. जुन्या टंकांतील फाइली युनिकोडमध्ये आणल्या तरी मूळ फाइल व टंकाचे नाव टाकून देऊ नये. नक्कल झाली म्हणून अस्सल कोणी जाळीत नाही.

मराठी साधने रचणाऱ्यांनाही यात भाग आहे. नव्या कार्यक्रमाने दुसऱ्याचे शेपूट बळकावण्याऐवजी स्वतःचे, सहसा इतरत्र न आढळणारे शेपूट घ्यावे. जातीच्या नावात निर्मात्याचे व आवृत्तीचे नाव घालावे. चित्र सोळा बिंदूंच्या लहान आकारापासून दोनशे छप्पन्न बिंदूंच्या मोठ्या आकारापर्यंत प्रत्येक मापात ओळखू येईल असे काढावे. आणि कार्यक्रम निघून गेला तरी त्याचे दस्तऐवज कोणत्या मार्गाने वाचता येतील हे दस्तऐवजातच लिहून ठेवावे. इन्स्टॉलर रचणारा मनुष्य या चार ओळी लिहितो तेव्हा तो आपण दप्तर लावीत आहोत असे समजत नसेल. परंतु पन्नास वर्षांनी परतूरचा किंवा भोकरदनचा एखादा कागद पडद्यावर उघडू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे रेघांचे पान येते की कोरे, याचा काही अंशी निर्णय त्याच ओळींत झालेला असेल.